हवा कोण मोजणार? नगरपालिकेचा सफाई कामगार आणि श्रमस्वास्थ्याचा अर्धवट इतिहास

प्रत्येक महानगरपालिकेत एक 'आरोग्य विभाग' असतो. अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे. या विभागाचे सर्वात मोठे मनुष्यबळ सफाई कामगारांचे. पण हा विभाग ज्यांच्या आरोग्याची काळजी वाहतो त्या लोकांत हे कामगार धरलेले नसतात. ते शहराचे आरोग्य राखण्याचे साधन आहेत, जसा खराटा आहे, फावडे आहे, घंटागाडी आहे. स्वच्छता निरीक्षक सकाळी बीटवर येतो तो नाली पाहायला. नाली काढणाऱ्याची छाती पाहायला नव्हे. ती पाहण्याचे काम त्याला कोणी दिलेलेच नाही.

जगात हे काम करणारा एक व्यवसाय आहे. त्याला ऑक्युपेशनल हायजिनिस्ट म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द रुळलेला नाही, आणि तो का रुळला नाही हाच या लेखाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल. डॉक्टर आजारी माणसाला तपासतो. हायजिनिस्ट कामाची जागा तपासतो. त्या हवेत कोणता वायू आहे, किती आहे, कामगार तिथे किती तास असतो, धूळ किती, आवाज किती, उष्णता किती, हे तो यंत्राने मोजतो. छोटा पंप कामगाराच्या कमरेला लावतो, नळी कॉलरजवळ आणतो, आणि पूर्ण पाळीभर तो माणूस प्रत्यक्षात काय श्वासात घेतो ते नोंदवतो. नंतर ते आकडे मर्यादेशी ताडून पाहतो आणि मालकाला सांगतो की इथे बदल करा. आजार होण्याच्या आधीचे हे काम आहे.

या शास्त्राचा उगम कुठे आहे हे आपल्या तरुणांना सहसा कोणी सांगत नाही. इटलीत मोदेना नावाच्या शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घरचा शौचकूप साफ करायला एक मजूर आला होता. तो फार घाईने काम करत होता. रामाझिनीने विचारले, एवढी घाई का? मजूर म्हणाला की इथे काही तासांपेक्षा जास्त थांबले तर डोळे जातात. रामाझिनीने त्याचे लाल, सुजलेले डोळे पाहिले. मग शहरात शोध घेतला तेव्हा हेच काम केलेले, अर्धे आंधळे झालेले लोक भीक मागताना दिसले. त्यातून त्याने कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ लिहिला, तो १७०० साली प्रसिद्ध झाला. या विद्येचा तो आद्यग्रंथ मानला जातो, आणि तिची सुरुवात मैला साफ करणाऱ्या माणसापासून झाली. रामाझिनीने वैद्यांना एक सूचना केली: रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता तसा 'तू काय काम करतोस' हाही प्रश्न विचारा.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला जातच नव्हता असे नाही. तो तर पहिला प्रश्न असे! पण तो जात ओळखण्यासाठी विचारला जाई. उत्तर मिळाले की विचारणारा दोन पावले मागे सरकत असे. एकच प्रश्न, तिकडे त्यातून विज्ञान निघाले, इकडे विटाळ.

हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. विटाळ माणसाला चिकटतो. आंघोळ केली तरी जात नाही, नोकरी सुटली तरी जात नाही, आणि बापाकडून मुलाकडे जातो. धोका माणसाला चिकटत नाही. तो हवेत असतो, पाण्यात असतो, उन्हात असतो. तो मोजता येतो, कमी करता येतो, कधी कधी पूर्ण काढून टाकता येतो. विटाळाचे मोजमाप करणारे यंत्र आजवर कोणत्याही शंकराचार्याला बनवता आलेले नाही. जिथे विटाळाची भाषा चालते तिथे धोक्याची भाषा उगवत नाही, कारण 'हे काम त्यांचेच' असे एकदा ठरले की त्या कामात काय आहे हे बघण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

याचे एक उदाहरण कापड गिरणीतले आहे. जुन्या मागावर धोट्यातली कांडी बदलताना तुटलेल्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण त्यांच्या थुंकीने धागा बाटेल. विणकाम खात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार चळवळीच्या नेत्यांपुढे वारंवार मांडला आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आता पहा: हीच तोंडाने धागा ओढण्याची पद्धत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली बंद केली, ब्रिटनने १९५२ साली. तिथे कारण दिले ते आरोग्याचे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागतात, रोग पसरतो. आपल्या गिरण्यांत तोच धोटा जातीच्या पहारेकऱ्याचे काम करत होता. सवर्ण विणकराच्या फुप्फुसाचाही विचार कोणी केला नाही, ही गोष्ट जातीचा अभिमान बाळगणाऱ्या कामगारांनी कधी लक्षात घेतली असेल असे वाटत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कापसामुळे अमरावती, अकोला, खामगाव, बडनेरा ही गावे वाढली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, बाजार आला. गाव वाढले की घाण वाढते. तेव्हा नगरपालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर सॅनिटरी खाते. या खात्याचे अहवाल जन्म, मृत्यू, कॉलरा, देवी, ताप यांचे असत. सफाई करणारे लोक 'कॉन्झर्वन्सी' या खर्चाच्या सदरात असत: गाड्या किती, बैल किती, मेहतर किती. बैल आजारी पडला तर नुकसान होई म्हणून त्याची नोंद होई. माणूस आजारी पडला तर दुसरा मिळे. वऱ्हाडच्या गावांत या कामासाठी उत्तरेकडून आणलेली मेहतर-वाल्मिकी कुटुंबे गावाच्या कडेला वसवली गेली. त्यांच्याशेजारी मांग आणि महार वस्त्याही होत्या. ती वस्ती आणि तो धंदा एकमेकांना बांधलेले राहिले.

जिनिंगमध्येही हवा कापसाच्या तंतूंनी भरलेली. पण निदान तिथे कायदा पोहोचत होता, लंगडत का होईना. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली, आणि हंगामी कारखान्यांना ६० तास दिले. वऱ्हाडचे जिन हंगामी. म्हणजे मुंबईच्या कामगारापेक्षा अकोल्याच्या कामगाराने सहा तास जास्त तंतू श्वासात घ्यायचे, असा तो हिशेब होता.

याच काळात वऱ्हाडात आपली चळवळ उभी राहत होती. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, प्रश्न अंबादेवी मंदिर प्रवेशाचा होता. पुढच्या वर्षी डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून सार्वजनिक विहिरी खुल्या करण्याचे पाऊल उचलले. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो आणि सांगायलाच हवा. पण देऊळ आणि विहीर यांच्यापलीकडे नगरपालिकेचे हजेरी शेड होते. पहाटे तिथे उभ्या राहणाऱ्या बायकांचा इतिहास आपण लिहिला नाही. यात दोष केवळ सवर्ण इतिहासकारांना देऊन भागणार नाही. बौद्ध समाजातल्या शिकलेल्या लोकांनी 'ते मेहतरांचे काम' म्हणून तो विषय बाजूला सारला, हे आम्ही आमच्याच बैठकांतून ऐकत आलो आहोत.

बाबासाहेबांनी तो बाजूला सारला नव्हता. त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांची संघटना बांधली. सफाई कामगाराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडले तर तो गुन्हा ठरवणारी कलमे अनेक प्रांतांच्या म्युनिसिपल कायद्यांत होती. इतर मजुराने काम सोडले तर फार तर करारभंग, याने सोडले तर तुरुंग. बाबासाहेबांनी या तरतुदीवर बोट ठेवले. गांधीजी सफाईच्या कामाला सेवा म्हणत होते, तेव्हा बाबासाहेब विचारत होते की सेवा असेल तर तिला सक्ती का लागते?

२० जुलै १९४२ च्या सुमारास बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. पुढची चार वर्षे आपल्या भाषणांतून दोन-तीन ओळींत उरकली जातात: कामाचे आठ तास दिले, प्रसूती रजा दिली, संपले. प्रत्यक्षात या काळात जे उभे राहिले त्याला आम्ही भारताच्या श्रमस्वास्थ्याचा पाया म्हणू. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींची पाहणी करायला गेले आणि स्वतः खाली उतरले. हायजिनिस्टच्या कामाची पहिली पायरी हीच असते: कागद बघण्याआधी जागा बघणे, कामगार चालतो त्या वाटेने चालणे. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याच वर्षी प्रा. अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला, त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. १९४५ साली मजूर खात्यात 'चीफ अ‍ॅडव्हायजर ऑफ फॅक्टरीज' हे कार्यालय स्थापन झाले. आज केंद्र सरकारची कारखाना सुरक्षा व आरोग्य सल्ला संस्था आहे, मुंबईत सायनला तिची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिचे मूळ या १९४५ च्या कार्यालयात आहे. १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला. हंगामी कारखान्यांना ५०. वऱ्हाडच्या जिनमधल्या मजुराचे आठवड्याचे दहा तास एका दुरुस्तीने वाचले. जयंतीच्या बॅनरवर हे कधी दिसत नाही.

सायनच्या त्या संस्थेत औद्योगिक हायजिनचा विभाग आहे, प्रयोगशाळा आहे. डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे, सेफ्टी ऑफिसरचा डिप्लोमा आहे. म्हणजे ज्ञान आहे, माणसे तयार होतात, यंत्रे आहेत. मग ती अमरावतीच्या नालीपर्यंत का आली नाहीत?

कारण १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने एक भिंत घातली. कायदा 'कारखान्या'ला लागू. आणि कारखाना म्हणजे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेली, उत्पादन प्रक्रिया चालणारी जागा. गंमत अशी की उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत पाणी आणि सांडपाणी पंपाने उपसणे हेही आहे. म्हणून सांडपाण्याचे पंपिंग स्टेशन कारखाना ठरू शकते. पंपाजवळ उभा असलेला ऑपरेटर कायद्याच्या आत. त्याच पंपाकडे पाणी आणणाऱ्या गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस कायद्याच्या बाहेर. दोघांत अंतर असेल शंभर पावलांचे. याच कायद्याच्या कलम ३६ मध्ये टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत विषारी वायू असेल तर माणसाला कसे उतरवायचे, याचे नियम दिलेले आहेत. कायदा लिहिणाऱ्याला धोका ठाऊक होता. फक्त तो धोका कारखान्याच्या कुंपणात असावा लागे.

भोपाळनंतर, १९८७ साली, या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. हवेतल्या विषारी पदार्थांच्या मर्यादांची अनुसूची आली. त्यात हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची मर्यादा १० पीपीएम आणि क्लोरीनची १ पीपीएम आहे. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग. मर्यादा ओलांडली की मालक जबाबदार. भोपाळमध्ये हजारो माणसे मेली तेव्हा हा कायदा बदलला. गटारात माणसे एकेक, दोनदोन मरतात. त्यांच्यासाठी कायदा बदलायला अजून बराच काळ लागणार होता. आता १९४८ चा तो कायदा २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विरघळवला आहे. तिच्यात कारखान्याची व्याख्या आणखी आकसली: वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस कामगार लागतात, वीज न वापरणाऱ्या ठिकाणी वीसऐवजी चाळीस. भिंत राहिली, आतली जागा कमी झाली.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या कार्यकर्त्यांनाही हा वायू नीट ठाऊक नसतो आणि मृत्यू झाला की आपण निवेदनात 'गुदमरून' एवढेच लिहितो. सांडपाण्याच्या तळाशी ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि गाळात विरघळून राहतो. माणूस उतरतो, तेव्हा कदाचित काहीच होत नाही. मग तो फावड्याने किंवा बांबूने गाळ हलवतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा वायू एकदम वर येतो. कमी प्रमाणात त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते, आणि नेमके उलट झालेले असते. ५०० च्या पुढे माणूस कोसळतो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वास पुरतात. वर उभा असलेला भाऊ, मेहुणा किंवा शेजारी त्याला काढायला उडी घेतो आणि तोही पडतो. म्हणूनच सेप्टिक टँकच्या बातम्यांत एकाच घरातली दोन-तीन नावे असतात.

यावर उपाय अवघड नाही. झाकण उघडून ठेवायचे, पंख्याने हवा खेळवायची, आणि चार वायू मोजणारे हातात मावणारे यंत्र दोरीने खाली सोडायचे. ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचे नाही. मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते, म्हणून पेटती काडी टाकून 'गॅस बघायची' जुनी पद्धत ही आत्महत्याच आहे. मुळात जेटिंग आणि सक्शनची गाडी असेल तर माणूस उतरवायचेच कारण नाही.

श्रमस्वास्थ्याच्या शास्त्रात उपायांची उतरंड असते. सर्वात वर धोका संपवणे: माणूस उतरवूच नका. त्यानंतर पद्धत बदलणे, यंत्राने धोका अडवणे, कामाचे तास आणि पाळी बदलणे. सर्वात खाली, शेवटचा उपाय म्हणून, हातमोजे आणि मास्क. आपल्या नगरपालिका ही उतरंड उलटी धरतात. सुरुवात हातमोज्यांनी, शेवटही हातमोज्यांनी, मध्ये महापौरांच्या हस्ते वाटपाचा फोटो. मे महिन्यात अकोल्यात तापमान ४५ अंशांवर जाते. त्या उन्हात रबरी गमबूट आणि जाड हातमोजे घालून नाली काढून पाहा. अर्ध्या तासात घाम बुटात साचतो. कामगार ते काढून ठेवतो आणि मग अधिकारी म्हणतात, 'आम्ही दिले, हे लोक वापरतच नाहीत.' हे वाक्य आम्ही वऱ्हाडच्या एकाहून अधिक नगरपालिकांत ऐकले आहे, जवळजवळ त्याच शब्दांत. साधन वापरण्याजोगे आहे का, हे पाहणे हायजिनिस्टचे काम. तो नाही, म्हणून दोष कामगाराच्या 'सवयी'वर जातो. 'हे लोक' या दोन शब्दांत जुना विटाळच नवा होऊन बोलतो.

२०१३ च्या कायद्याचेही तेच झाले. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध व पुनर्वसन कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी. तारीख कोणी मुद्दाम निवडली की योगायोग, ते सोडून देऊ. त्यात गटार-सेप्टिक टँकची 'धोकादायक सफाई' गुन्हा ठरवली: पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण धोकादायक सफाईची व्याख्या पाहा. संरक्षक साधने न देता आणि काळजी न घेता करून घेतलेली सफाई ती धोकादायक. साधने दिली की धोका कायद्यापुरता संपला! पुन्हा उतरंडीची शेवटची पायरी. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात १९९३ पासूनच्या गटार-मृत्यूंच्या वारसांना दहा लाख देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. हा मोठा विजय आहे, तो रस्त्यावर आणि कोर्टात लढून मिळवला आहे. पण भरपाई मेल्यावर मिळते. जो वीस वर्षे धुळीत झाडून दम्याने पन्नाशीत घरी बसला, त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, कारण त्याने काय श्वासात घेतले याचा एकही आकडा कोणाकडे नाही. कोर्टात पुरावा काय देणार?

असे नाही की सरकारांनी समित्या नेमल्या नाहीत. १९४९ साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. तिने डोक्यावरून मैला वाहून नेणे थांबवा असे सांगितले. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, आपण मध्य प्रांतात होतो. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबईत आला तोवर तो अहवाल जुना झाला होता. केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. या समित्यांनी टोपलीऐवजी ढकलगाडी सुचवली, निवास सुचवला, रजा सुचवली. हवा मोजा असे मात्र त्यांच्या शिफारशींचे मध्यवर्ती सूत्र कधी झाले नाही. त्या काळच्या सुधारकांना काम 'घाण' वाटत होते, आणि घाणीवरचा त्यांचा उपाय होता दया.

महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या वारसाला त्याच कामावर नोकरी. या हक्कासाठी आजही कामगार लढतात आणि ठेकेदारीच्या काळात त्यांचे लढणे पूर्ण योग्य आहे. कायम नोकरी गेली तर उरते ते ठेकेदाराचे रजिस्टर आणि बुडवलेला पीएफ. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाला २,७०० ठेका कामगारांना कायम करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, २०१७ साली निकाल लागला. म्हणून वारसा हक्काविरुद्ध बोलणाऱ्या सवर्ण शहाण्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. तरीही मनात येते ते लिहिले पाहिजे. कलेक्टरचा वारस कलेक्टर होत नाही. बापाच्या छातीत जे साचले ते मुलाच्या छातीतही साचणार असेल, तर नोकरीबरोबर दम्याचाही वारसा दिला जातो. वारसा हक्काची मागणी करताना त्याच निवेदनात जागा तपासण्याची मागणी आली, तर हा अंतर्विरोध निदान अर्धा सुटेल.

वऱ्हाडात झाडूबद्दल बोलताना गाडगेबाबांना टाळता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे परीट घरातले डेबूजी. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने सरकार ग्रामस्वच्छता अभियान चालवते, विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण गाडगेबाबांनी झाडू स्वतः उचलला होता, आणि तो खाली ठेवून पुढच्या गावाला जाण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. हजेरी शेडातल्या बाईला ते नाही. २ ऑक्टोबर २०१४ नंतर ज्या मंत्र्यांनी आणि नटांनी आधीच झाडलेल्या रस्त्यावर झाडू फिरवला, त्यांना हा फरक कोणी तरी समजावून सांगायला हवा होता. अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, त्यांत तो फरक एका नजरेत दिसतो. कमरेपर्यंत घाणीत उभ्या माणसाला पाहून कोणाला सेवा आठवत नाही.

उष्णतेबद्दल एक अलीकडचा दाखला आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५.८ अंशांवर गेला. जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावले. मालकांनी कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्यावेत, शिकवण्या सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर घ्याव्यात, असा आदेश निघाला. आदेश चांगला होता. उष्णता हा कामाच्या ठिकाणचा धोका आहे हे प्रशासनाने लेखी मान्य केले. पण पंखा कुठे लावणार? नायगावच्या डम्पिंग ग्राउंडवर? रस्त्याला छत नसते. कारखान्याच्या खोलीत ओल्या थर्मामीटरचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये असा फॅक्टरी नियमांचा दंडक होता. तो खोलीसाठी. उघड्या आकाशाखाली झाडणाऱ्यासाठी तसा आकडा नाही. कचऱ्याच्या ढिगाला उन्हाळ्यात आग लागते, अमरावतीच्या सुकळी डेपोवर काय किंवा नायगावला काय. शेजारच्या वस्त्या धुराची तक्रार करतात, वर्तमानपत्रात बातमी येते, प्रदूषण मंडळाला पत्र जाते. त्या धुरात पूर्ण पाळी काढणाऱ्या कामगाराच्या नाकाजवळ पंप लावायचे पत्र कोणीच पाठवत नाही.

अमरावती १९८३ साली महानगरपालिका झाली, अकोला २००१ साली. दोन्ही शहरांत भूमिगत गटारांच्या योजना पुढे सरकत आहेत. उघड्या नाल्या हळूहळू जमिनीखाली जातील. शहर त्यामुळे सुंदर दिसेल. पण उघड्या नालीत वायू साचत नाही, बंद गटारात साचतो. म्हणजे येणाऱ्या वीस वर्षांत वऱ्हाडच्या सफाई कामगाराचा धोका बदलणार आहे, आणि त्याची तयारी आता करावी लागेल. मुंबईने जे शंभर वर्षांत भोगले ते अकोल्याने पहिल्यापासून भोगावे असे काही कारण नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांपुढे आमचे दोन प्रस्ताव आहेत. पहिला शिक्षणाचा. आपली विज्ञानाची मुले बीएस्सी, एमएस्सी केमिस्ट्री करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षे घालवतात. त्यांतल्या काहींनी औद्योगिक सुरक्षा आणि हायजिनकडे वळावे. कारखान्यांत या शिक्षणाला नोकरी आहे आणि चळवळीला या ज्ञानाची गरज आहे. वाल्मिकी, मेहतर, मांग वस्त्यांतल्या मुलामुलींनी तर आधी. ज्या नालीत आजी उतरली तिची हवा मोजायला नात यंत्र घेऊन यावी, यापेक्षा मोठा जातिअंताचा कार्यक्रम आम्हाला तरी सुचत नाही.

दुसरा प्रस्ताव लगेच करता येण्याजोगा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. दोन्ही महानगरपालिकांच्या आरोग्य आणि मलनिस्सारण विभागांना विचारावे: कायम आणि ठेका मिळून सफाई कामगार किती, गेल्या पाच वर्षांत त्यांची वैद्यकीय तपासणी कोणत्या तारखांना झाली आणि तिच्यात फुप्फुसांची क्षमता पाहिली का, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस किती जणांना दिली, मॅनहोल किंवा टाकीत माणूस उतरवण्याची लेखी परवानगी कोण देते, तिच्या प्रती, जेटिंग-सक्शनच्या गाड्या किती आणि त्यांपैकी चालू किती. ठेकेदाराच्या करारनाम्याची प्रतही मागावी आणि त्यात या गोष्टी कोणाच्या खर्चाने लिहिल्या आहेत ते पाहावे. शेवटी एक प्रश्न सुटा ठेवावा, म्हणजे उत्तरात तो लपणार नाही: विभागाकडे वायू मोजणारी यंत्रे किती आहेत, ती कोणाच्या ताब्यात असतात, आणि प्रत्येक यंत्राचे शेवटचे कॅलिब्रेशन कोणत्या तारखेला झाले.